सोनेरी माल होईपर्यंत

फेंगजिआओ मरणार हे आमच्या अख्ख्या शेडला ठाऊक होतं. तिलाही ठाऊक होतं. तिचं मागणं एकच होतं, जीव असताना मला घरात न्या. घर म्हणजे हूनानमधलं तान मास्तरांचं, तिच्या नवऱ्याचं गाव. दोंग्वानमधल्या कारखान्यावरच्या खोलीत तिचं अर्धं आयुष्य गेलं, पण तिला ती कधी घर म्हणाली नाही.

आमच्या तिकडे बाहेर मेलेलं माणूस गावात घेत नाहीत, मग ते कुणी का असेना. तिचा बाप दूर खाणीवर मेला होता. त्याला आणला आणि वेशीबाहेर रस्त्याच्या कडेला ताडपत्रीखाली ठेवला. ही एवढीशी पोर तिथं बसून माश्या हाकत होती. "मला ताडपत्रीखाली ठेवू नका गं, हुआन," असं ती मला इतक्यांदा म्हणाली की एकदा मी खेकसलेच, "नाही ठेवत, बाई! आता ती पेज गीळ."

मी आणि ती एकाच टेबलावर माल टांगायचो. इलेक्ट्रॉनिक वस्तूंची ॲल्युमिनियमची कवचं आमच्याकडे रंगायला येतात. कधी स्पीकरची, कधी बॅटऱ्यांची, आणि चिंगमिंगला लोक पितरांच्या थडग्यांवर जातात त्याच्या आधी नामजपाच्या यंत्रांची. ही यंत्रं देवघरात नाहीतर मरणाऱ्याच्या उशाशी ठेवायची, ती बुद्धाचं नाव अखंड म्हणत राहतात. आम्ही नुसती कवचं करतो, आतला आवाज दुसऱ्या कारखान्यात भरतात. एकेक कवच रॅकच्या चिमट्यात अडकवायचं, रॅक ॲसिडच्या टाकीत सोडून करंट द्यायचा, म्हणजे धातूवर रंग पिणारा थर चढतो. रंगाची टाकी तान मास्तरांची. तिथं ते दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसत.

नेमका तिला गावी न्यायचं ठरलं त्याच आठवड्यात नामजपाच्या यंत्रांचा सोनेरी माल बिघडला. सोनेरीवर हिरवट झाक आली. कवचांना स्क्रूची खोल भोकं होती. त्यांत ॲसिड अडकून राहायचं, धुतलं तरी निघायचं नाही आणि पुढच्या टाकीत रंगात उतरायचं. माल खरवडून पुन्हा करता येतो, पण एकदाच. दुसऱ्यांदा थर उतरवायच्या कॉस्टिकमध्ये घातला की कवच झिजतं, स्क्रू ढिले बसतात आणि सगळं भंगारात जातं. ते एकदा खरवडणं होऊन गेलेलं होतं.

तिला न्यायची गाडी सकाळी दारात उभी राहिली. मालकीणबाई स्वतः म्हणाल्या, "मास्तर, जा हो तुम्ही. माल गेला तर गेला."

मास्तर हातमोजे काढेनात. "एवढा एक डाव करतो," म्हणाले. "रॅक उलटे करून हलवून धुतो. भोकं रिकामी झाली की रंग बसेल."

मी जिना चढून वर गेले. म्हटलं, बायकोनं हाक मारली की येईल मुकाट्यानं. तर ही बया उशीला टेकून म्हणते, "करू दे त्याला. अर्धवट टाकून आला ना, तर सबंध रस्ताभर माझ्या कानाशी त्या हिरव्या रंगाचंच रडगाणं लावेल. मला शांतपणे मरू दे."

"आणि वेळ झाला तर?"

"नाही होत. मी धरून ठेवते."

म्हणे धरून ठेवते! जीव म्हणजे काय चिमट्यात अडकवायची वस्तू आहे? मला दोघांचाही असा संताप आला की मी खाली येऊन पाण्याची बादली उगाच लाथाडली. मास्तरांनी वळूनही पाहिलं नाही. एकेक रॅक उलटा धरून पाण्यात हलवत होते, मग रंगात, मग सील करायच्या उकळत्या टाकीत. त्यानंतर सुकायची वाट पाहायची, कारण ओला रंग फसवतो. गिऱ्हाइकानं सह्या करून दिलेले दोन नमुने असतात, एक फिका आणि एक गडद. रंग त्या दोघांच्या मधे बसला पाहिजे. मास्तर खिडकीशी गेले आणि कवच दोन्ही नमुन्यांच्या मधे धरलं. रंग बसला होता. मालकीणबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. मला मात्र बाहेर ऊन किती वर आलंय तेवढंच दिसत होतं.

तिला गाडीत आडवं केलं, नाकाला प्राणवायूची नळी लावली. मास्तरांनी खिशातून त्या मालातलं एक कवच काढून तिच्या हातात दिलं. तिनं ते उलटं करून आत बोट फिरवलं. चिमटा जिथं धरतो तिथं करंटचा थर चढत नाही, रंगही लागत नाही, एक पांढरा ठिपका राहतो. तो आतल्या बाजूला लपवायचा असतो.

"हे माझ्या हातचं नाही," ती म्हणाली. "हुआन, हे तुझं. तू मेली नेहमी कडेलाच पकडतेस."

"मग काय मधोमध पकडू? तुझ्यासारखं?"

"सोनं चांगलं आलंय हो," ती मास्तरांना म्हणाली.

डोंगर सुरू झाले. एकामागून एक बोगदे लागले. एका बोगद्यातून उजेडात आलो तेव्हा मी तिच्याकडे पाहिलं, आणि मला कळलं. नळी तशीच फुसफुसत होती, छाती हलत नव्हती. मास्तरांनाही कळलं होतं. आमची नजरानजर झाली. गाडीवाला आरशात बघत होता, त्याला कळू नये म्हणून मास्तर तिच्याशी बोलत राहिले. "हे बघ, संत्र्यांच्या बागा लागल्या. आता थोडंच राहिलं." असं कितीतरी वेळ बोलत होते.

मग हळूच मला म्हणाले, "दे शिव्या. मी थांबलो नसतो तर ही पोचली असती."

शिव्या माझ्या ओठांवर होत्या. सकाळपासून साठवल्या होत्या मी. पण त्या माणसाच्या नखांत अजून सोनेरी रंग होता आणि तो तिचा हात चोळून गरम करत होता. मी तिचा दुसरा हात घेतला आणि चोळायला लागले.

संध्याकाळ व्हायच्या आत गाव आलं. वेशीपाशी म्हातारे उभे होते, आणि रस्त्याच्या कडेला घडी घातलेली ताडपत्री ठेवलेली होती. आम्ही कशाला येतोय ते त्यांना माहीत होतंच. मास्तरांचे थोरले भाऊ पुढे आले. भावकीत त्यांचा शब्द चालतो.

"श्वास आहे?" त्यांनी विचारलं.

मास्तर म्हणजे जन्मात कधी खोटं न बोललेला माणूस, आता काय बोलणार! मीच गाडीतून उतरले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "आहे तर! आत्ताच पाणी मागितलं तिनं. उभे काय राहिलात?"

एक म्हातारा कुरकुरला, "दादा, तुम्ही बघून घ्या."

थोरले दादा गाडीत चढले. चादरीखाली हात घालून त्यांनी तिचं पाऊल धरलं. बराच वेळ धरून ठेवलं. मी त्यांच्या तोंडाकडे पाहत होते. त्यांनी पाऊल चादरीनं नीट झाकलं, आणि खाली उतरले.

"बाजूला व्हा," ते ओरडले. "ती ताडपत्री उचला तिथून. मोठं दार उघडा, दोन्ही फळ्या. आणि पाणी आणा, आमच्या फेंगजिआओला तहान लागलीय."

चौघांनी तिला उचलून उंबऱ्याच्या आत नेलं, पितरांच्या नावांच्या फळीसमोर पलंगावर ठेवलं. दादांनी वाटीतलं पाणी बोटानं तिच्या ओठांना लावलं. मग तिच्या तोंडाशी कान नेऊन तसेच वाकून राहिले.

"गेली," ते मान वर करून म्हणाले. "आत्ता गेली. आपल्या घरात गेली."

तेव्हा कुठे तान मास्तर मोठ्यानं रडले.