कुलूपबंद साचे

छोटी चाळिशी ओलांडून गेली होती, तरी कारखान्यात येणारा प्रत्येक जण तिला छोटीच म्हणायचा. मोठे म्हणजे बाबा. कारखाना म्हणजे तरी काय, दोन खोल्या. पुढे गिऱ्हाइकाला बसायला बाक आणि धरून चालायला दोन लाकडी कठडे, मागे भट्टी, घासायचं यंत्र आणि कॉम्प्युटर. इथे कृत्रिम पाय बनायचे.

असा पाय दाखवला की लोक आधी पाऊल बघतात. अहो, पाऊल काय, तयार विकत मिळतं. खरी मेख असते ती वरच्या कपात. उरलेला पाय ज्यात घालून माणूस उभा राहतो, तो कप. तो केसभर चुकला की माणूस दोन पावलांत रडकुंडीला येतो. बाबांचा चुकायचा नाही. ते पायाला ओल्या प्लास्टरच्या पट्ट्या गुंडाळायचे आणि त्या घट्ट व्हायच्या आत अंगठ्यांनी दाबून इथे आत, तिथे बाहेर असा आकार काढायचे. त्यावरून साचा, साच्यावरून कप.

मग बाबांचे हात थरथरायला लागले. आधी चहाचा कप, मग पेन, मग अंगठे. डॉक्टर म्हणाले, आता हे वाढत जाणार. तेव्हा छोटीने शहाणपणा केला, आणि तो शहाणपणाच होता, उगाच कुणी तिला नावं ठेवू नयेत. बाबांच्या हातचा एकेक साचा तिने आकार टिपणाऱ्या यंत्रासमोर धरून कॉम्प्युटरमध्ये घेतला. गिऱ्हाइकाचा कप फुटला की फाइल उघडायची, कोरायचं यंत्र तोच आकार कोरून द्यायचं. मागची खोली जमिनीपासून छतापर्यंत साच्यांनी भरली होती, पाय ठेवायला जागा नव्हती. बाबाच म्हणाले, "आता कशाला ही अडगळ? टाक फोडून." तिने फोडले.

कॉम्प्युटरवाल्याने तेव्हाच बजावलं होतं, सगळ्याची एक प्रत वेगळ्या डिस्कवर ठेवा. छोटीने डिस्क आणली. पण त्याचं दुसरं वाक्य होतं, की प्रत काढून झाली की वायर काढायची आणि डिस्क कपाटात ठेवायची. ते मात्र या घरात कुणाच्या पचनी पडलं नाही. बाबांच्या कारखान्यात हत्यार कपाटात जात नसे. "कपाटात गेलं ते हत्यार मेलं," असं ते म्हणायचे. कानस असो की करवत, प्रत्येकीला भिंतीवर खिळा. तशीच डिस्कही कॉम्प्युटरशेजारी खिळ्याला टांगली, वायर कायमची लावून. काय छान दिसायची.

आणि त्या सोमवारी सकाळी छोटीने कॉम्प्युटर लावला तर पडदा काळा, त्यावर लाल अक्षरं. तुमच्या सगळ्या फाइलींना आम्ही कुलूप लावलं आहे. पैसे भरा, किल्ली घ्या. शनिवारी कुणीतरी ईमेलने पाठवलेलं बिल तिने उघडलं होतं, कुरियरचं वाटलं म्हणून. एवढंच.

कॉम्प्युटरवाला धावत आला. "ताई, प्रत आहे ना?"

"आहे की," छोटी म्हणाली, आणि खिळ्याकडे बोट केलं. त्या क्षणापर्यंत तिचा जीव थाऱ्यावर होता.

त्याने डिस्ककडे बघितलं, मग तिच्या वायरीकडे. "ही अशीच लावलेली असते?"

"नेहमी. आमच्याकडे पद्धतच आहे तशी."

तो खाली स्टुलावरच बसला. "म्हणजे कुलूप लावलंत आणि किल्ली त्यालाच ठेवलीत. जे इथून आत शिरलं, ते याच वायरीने तिकडेही गेलं असणार."

गेलंच होतं. डिस्कवरची एकही फाइल उघडेना. पैसे भरले तरी किल्ली मिळेलच असं नाही, तो म्हणाला, आणि चोर मागत होते तेवढे पैसे यंत्रांसकट कारखाना विकूनही जमले नसते. छोटीने मग नको ते केलं. चोरांना पत्र लिहिलं. साहेब, हे लोकांचे पाय आहेत, यातले काही जण तर लहान मुलं आहेत, तुम्हाला याचा काय उपयोग. हात जोडते. लगेच उत्तर आलं, की उद्यापर्यंत भरल्यास सवलत मिळेल. तिला हसूच आलं.

दुपारी कात्रीकाका आले. कोपऱ्यावरच्या केस कापायच्या दुकानाचे मालक, दिवसभर उभ्याने काम आणि तेवढा वेळ तोंडाचा पट्टा चालू. आज काखेत कुबड्या होत्या आणि कपाला चिकटपट्टी गुंडाळलेली.

"तडकला बघ," बाकावर बसत ते म्हणाले. "पण तक्रार नाही. देवाने दिलेला पाय तरी कुठे एवढा टिकला? काढ फाइल, मी बसतो. दुकान बंद ठेवलं की गिऱ्हाइकं समोरच्याकडे जातात, आणि तो काय कापतो ते तू बघितलंयस."

छोटीने त्यांना सगळं सांगितलं. सांगताना तिची नजर त्यांच्या गुडघ्यावरच होती. गुडघ्याखाली थोडाच पाय उरला होता, आणि हाडाचं टोक कातडीला आतून टोचायचं. बाबांच्या हाती येण्याआधी दुसऱ्या कुणाच्या कपाने तिथे जखम झाली, चिघळली. पुन्हा झाली तर गुडघ्याच्या वरून कापावं लागेल, असं डॉक्टरांनी तेव्हाच सांगून ठेवलं होतं. बाबांनी कित्येक साचे मोडून तो एक आकार शोधला होता, आणि तडकलेला कप आता इतका फाकला होता की त्यावरून तो परत मिळणार नव्हता. गुडघा गेला की दिवसभर उभं राहणं गेलं, म्हणजे दुकान गेलं.

"बरं, मग नवीन माप घे," काका म्हणाले.

माप काय, यंत्राने तिने लगेच घेतलं असतं. पण यंत्र पाय जसा आहे तसा दाखवतं. कुठे दाबायचं आणि कुठे सोडायचं, ते त्याला कुठून कळणार? तिने कॉम्प्युटरवर शेकडो कप काढले होते, पण बाबांच्या आकारावरून. स्वतःचा असा, तोही इतका अवघड, एकही नाही.

बाबा आतून आले. त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्यांनी बादलीत पाणी घेतलं, पट्ट्या भिजवल्या आणि काकांच्या पायाला गुंडाळायला लागले. पट्टी सरळ जाईना. अंगठे टेकवले, तर प्लास्टरवर थरथरीच्या वळ्या उमटल्या. त्यांनी ते कापून काढलं आणि दुसरं घेतलं. त्याचंही तेच झालं.

"तू कर," ते म्हणाले. "मी सांगतो."

छोटीने नव्या पट्ट्या गुंडाळल्या, अगदी सफाईने. बाबा कानाशी वाकले. "हाडाच्या टोकापासून वर ये. अजून. इथे दाब. नाही, इतकं नाही. थोडं."

"थोडं म्हणजे किती, बाबा?"

आयुष्यभर ते कुणी बाबांना विचारलं नव्हतं, आणि त्यांनी स्वतःलाही नाही. त्यांनी अंगठा पुढे करून हवेत दाबून दाखवला, पण तो क्षणभरही एका जागी ठरेना. तिने दाबलं. त्यांनी मान हलवली. तिने सोडलं. त्यांनी पुन्हा मान हलवली, आणि त्यातली कुठली मान नाही म्हणत होती आणि कुठली नुसती हलत होती, तेही तिला कळेना.

कात्रीकाका एकदा बापाकडे, एकदा लेकीकडे बघत होते. छोटीच्या हातांखाली प्लास्टर गरम व्हायला लागलं, म्हणजे आता ते घट्ट होत होतं.

"बाबा, लवकर सांगा," ती म्हणाली.