बिनसाबणाची

"अगं, आजच्या दिवस तरी साबण लाव! माणूस बघायला येतोय तुला, बेडूक नाही!" वहिनी बाथरूमच्या दारावर थापा मारत ओरडली.

आतून नुसता पाण्याचा आवाज.

गल्लीत तिला बेडकीणच म्हणायचे. नऊ वर्षं ती प्रयोगशाळेत बेडकांच्या टाक्या धूत होती. नर पाण्यात कसलातरी वास सोडतो आणि मादी त्या वासामागे जाते, हे साहेबांना सिद्ध करायचं होतं. म्हणून विणीचे चार महिने तिला साबण बंद, तेल बंद, पावडर बंद. तिच्या हातांचा वास पाण्यात उतरला की प्रयोग बोंबलला. आणि यंदाची शेवटची मादी उद्याच प्रयोगाच्या हौदात सोडायची होती.

"एक दिवस लावलास तर मरेल का ती बेडकी?"

"साबणाचा वास तीन दिवस जात नाही वहिनी. साहेब म्हणालेत."

"मग साहेब करणारेत का लग्न? चाळिशी आली बाई! हा गेला तर दुसरा येत नसतो."

तिला काय कळत नव्हतं? तिला हवाच होता तो. वायरमन, बायको वारलेली, फोनवर दोनदा हसून बोललेला. फोनवर वास येत नाही.

तो आला. चहा द्यायला ती वाकली, तशी त्याने खुर्ची मागे घेतली. थोडीशीच.

"खिडकी उघडता का जरा?"

अर्धा कप तसाच ठेवून गेला. वहिनीने तो तिच्यासमोरच बेसिनमध्ये ओतला.

सोमवारी लांबट हौदात एका टोकाला नर ठेवलेल्या घमेल्यातलं पाणी सोडलं, दुसऱ्या टोकाला साधं. मधोमध मादी. ती जरा वेळ बसली, मग पाय झाडत सरळ साध्या पाण्याकडे गेली.

साहेब हसले. "नाही आवडला तिला! चालायचं." वहीत फुली मारली. "आणि हो, त्या कपाटात हातमोजे आहेत. बिनवासाचे. पुढच्या वर्षी ते घाल, मग हवा तो साबण लाव. तुला सांगायचं राहूनच जात होतं."

"कधी आलेत, साहेब?"

"झाली की दोन-तीन वर्षं."

"बरं," ती म्हणाली.

कपाट तिने उघडलं नाही. नराला घमेल्यातून उघड्या ओंजळीत घेतलं, त्याच्या टाकीत सोडलं. तो तळाशी जाऊन बसेपर्यंत थांबली, मग हळूच झाकण लावलं.