तिसरी पट्टी

तिसरी पट्टी एकतीसवर तुटली. काटकन आवाज झाला आणि बाईंनी सवयीने आकड्याच्या आधी तुटलेली जागा बघितली.

मशीनला दोन जबडे, एक वर, एक खाली. मधे प्लास्टिकची पट्टी घट्ट धरायची, मशीनने ती सावकाश ताणायची, आणि तुटेल तेव्हा ताणाचा आकडा लिहून घ्यायचा. प्रयोगशाळेत बाई सव्वीस वर्षं हेच करत होत्या. माहेरी, सासरी जिच्या हातून साधी कपबशी फुटली नाही तिला मोडतोडीचा पगार मिळतो, अशी धाकटा भाऊ त्यांची चेष्टा करायचा. पण या मोडतोडीलाही नियम होते. पट्टी जबड्यात धरलेल्या जागी तुटली तर दोष पकडीचा. ती मोजायची नाही, दुसरी लावायची. मधे तुटली तर दोष मालाचा. ही तिसरी जबड्यापासून चांगली दोन बोटं लांब तुटली होती, आणि तुटल्या जागी तागाच्या धाग्यांची गुठळी उघडी पडली होती.

"किती?" सरांनी दारातूनच विचारलं.

"एकतीस."

"अरे देवा! आणि आधीच्या दोन?"

"सेहेचाळीस, चव्वेचाळीस."

उरलेल्या दोनही पंचेचाळीसच्या वर गेल्या. पण अट अशी होती की पाचांतली एकही चाळीसच्या खाली जायला नको. सर स्टुलावर मटकन बसले. बसणार नाहीत तर काय! अडीच वर्षं त्या माणसाने या मालापायी घालवली होती. मक्यापासून केलेलं प्लास्टिक आधी काचेसारखं तडकायचं. त्यात दुसरं, मऊ प्लास्टिक मिसळलं, तर तडकणं थांबलं पण उष्णता सोसेना. गरम तेलात वजन ठेवून बघितलं की पन्नास अंशांनाच पट्टी मान टाकायची. मग तागाचे धागे घालून बघितले, आणि तेव्हा कुठे ते सत्तरपर्यंत तग धरायला लागलं. या मालाच्या तक्त्यांतून दहा जणांच्या कृत्रिम पायांची सॉकेटं काढून तयार होती. सॉकेट म्हणजे पायाचा उरलेला भाग ज्यात बसवतात तो पेला, ज्याच्या त्याच्या मापाचा. आज पट्ट्या पास झाल्या की उद्या सॉकेटं माणसांना मिळणार होती. त्यांतलं एक बाईंच्या भावाचं होतं.

"बाई," सर म्हणाले, "जबड्याजवळच तुटली असेल ना? नीट बघा."

"बघितलं, सर."

"मशीनवर तुम्ही होतात. तुम्ही लिहाल ते खरं. मी माझ्यासाठी म्हणत नाही हो. तुमच्या भावाचा विचार करा."

सर काही वाईट माणूस नव्हते. दमले होते, एवढंच. बाईंनी पट्टीचे दोन्ही तुकडे हातात धरून ठेवले. असला मोह त्यांना सव्वीस वर्षांत कधी झाला नव्हता, आणि आज झाला तो भलताच मोठा. 'जबड्याजवळ तुटली', दोन शब्द लिहायचे होते. कुणाला कळणार होतं?

त्यांनी लिहिलं, 'मधे तुटली', आणि पर्स उचलून निघाल्या.

भावाचं केस कापायचं दुकान होतं. सेहेचाळीस वर्षांचा आडमाप माणूस, पण बाईंसाठी तो अजून छोट्याच होता. साखरेच्या आजारात त्याचा डावा पाय गुडघ्याखालून गेला, त्याला चार वर्षं झाली. मिळालेला कृत्रिम पाय जड होता, आतून तापायचा, कातडी सोलवटून काढायचा. पण न्हाव्याला बसून कसं चालेल? छोट्या दिवसभर उभा राहायचा आणि संध्याकाळी घरी आला की पाय काढताना दात आवळायचा. नवीन सॉकेट हलकं होतं, अंगाला मऊ होतं. माप जुळतंय का बघायला गेला तेव्हा ते पाच मिनिटं घालून त्याने दालनात दोन फेऱ्या मारल्या होत्या, आणि परत द्यायला तयारच नव्हता.

बाई दुकानात आल्या तेव्हा गिऱ्हाईक नुकतंच गेलं होतं.

"छोट्या, सॉकेट आत्ता मिळणार नाही. माल नापास झाला."

"कुणी केला?"

"मी."

तो हसला. मग बहिणीचा चेहरा बघितला आणि हातातली कात्री खाली ठेवली.

"किती पट्ट्या तुटल्या?"

"पाचांतली एक कमी भरली."

"एक! अगं ताई, शाळेत पाचांतली चार गणितं बरोबर आली तर मास्तर पाठ थोपटायचे."

"रस्त्यात तुटलं आणि पडलास म्हणजे?"

"आता काय मी उडतोय का?"

"आणखी नऊ जण आहेत रे."

"त्यांच्या बहिणी नाहीत ना तिथे कामाला!" छोट्याचा आवाज चढला. "माझी आहे. आणि माझीच नडली मला."

बाईंनी जमिनीवरचे केस झाडून काढले आणि त्या घरी गेल्या.

पाच दिवस तो बोलला नाही. सहाव्या दिवशी चहाचा कप पुढे करत म्हणाला, "साखर विसरलीस का मुद्दाम घातली नाहीस?" बस, भांडण मिटलं. पण नवं सॉकेट घालून बघितल्यापासून नकोसा झालेला जुना पाय त्याने कोपऱ्यात ठेवून दिला तो दिलाच. खुर्चीच्या पाठीला रेलून, एका पायावर उभा राहून तो केस कापायला लागला. बाईंनी रागावून बघितलं, हात जोडून बघितलं. "नवीन माल कुठवर आला?" एवढंच तो दर रविवारी विचारायचा. येतोय, धागे नीट सुकवायला नवं यंत्र बसवलंय, असं त्या सांगायच्या, आणि ते खरंही होतं.

सगळा भार आला उजव्या पायावर. टाचेला फोड आला, फोडाची जखम झाली, आणि साखरेच्या माणसाची जखम भरते कुठे! विष अंगभर पसरलं, डॉक्टरांनी हात टेकले. छोट्या गेला तेव्हा पट्टी तुटल्याला सात महिने झाले होते.

पंधरा दिवसांनी बाई कामावर आल्या आणि आधी कपाट उघडलं. नापास मालाची दहाही सॉकेटं तशीच पडून होती. छोट्याचं त्यांना नावाची चिठ्ठी न वाचताही ओळखू आलं.

"सर, हे पावलांच्या मशीनवर लावायचंय."

ते मशीन सेकंदाला एकदा दाब द्यायचं, चालणाऱ्या माणसाच्या एका पावलाचा. तीस लाख पावलं टिकलं तर पास.

"आता कशाला, बाई?"

"मला बघायचंय."

सोमवारी सकाळी दहाला सरांनी स्वतःच सॉकेट बसवून दिलं.

बाईंनी हिशेब करून ठेवला होता. सॉकेट मिळालं असतं तर दुकानातून घरी, घरातून दुकानात, खुर्चीभोवती, दिवसाला दोन हजार पावलं. तिसरी पट्टी तुटली त्या दिवसापासून छोट्या गेला त्या दिवसापर्यंत दोनशे अकरा दिवस. म्हणजे चार लाख बावीस हजार. त्याच्या आत सॉकेट मोडलं तर बाई सुटल्या. आयुष्यभर लोकांच्या वस्तू टिकाव्यात म्हणून मोडत आल्या, आणि आता भावाचं सॉकेट मोडावं म्हणून त्या देवाला विनवत होत्या. मोड रे बाबा, एकदाचं मोड.

मंगळवारी शहाऐंशी हजार झाले. गुरुवारी अडीच लाखांच्या वर गेले. शनिवारी बाई सकाळी सातलाच आल्या आणि स्टूल ओढून आकड्यासमोर बसल्या. तेरा-चौदा मिनिटांनी चार लाख बावीस हजार आले आणि गेले. मशीन खाली-वर होत राहिलं. बाई तोंडाला पदर लावून ढसाढसा रडल्या. इतक्या सकाळी तिथे कुणी नव्हतं, ते बरंच झालं.

सोमवारी आल्या तेव्हा मशीन बंद पडलेलं होतं. सॉकेट उभं चिरलं होतं, आणि आकडा पाच लाख सत्त्याऐंशी हजारांवर थांबला होता. सर आधीच येऊन उभे होते.

"तीस लाखांच्या जवळपासही नाही," ते म्हणाले. "बाकीच्या नऊ जणांतलं कुणीतरी आज ना उद्या रस्त्यात पडलं असतं. तुमचं बरोबर होतं, बाई."

"हो सर, बरोबर होतं." बाईंनी कागद पुढे ओढला. "पण त्याला पुरलं असतं."

बाईंनी आकडा लिहिला, त्यापुढे 'नापास' लिहिलं, आणि खाली नेहमीसारखी सही केली.