स्टिकरखालचं नाव

सोमवारी साडीच्या कारखान्याच्या शेठचा टेम्पो डिंडोलीतल्या आमच्या गल्लीत शिरला आणि दोन खोकी उतरवून गेला. एकात मॉनिटर, दुसऱ्यात कॉम्प्युटर. आमच्या पुढच्या खोलीत टेबल एकच आणि वृषालीची झोळीही तिथेच. सात महिन्यांच्या बाळापासून पडदा किती लांब असावा हे कुठल्याच पुस्तकात मिळालं नव्हतं, म्हणून एक साडीभर अंतर ठेवायचं असं मी आपलं ठरवलं. मोजायला गेले तर खोलीच पाऊण साडीची निघाली. मग टेबल या भिंतीला, झोळी त्या भिंतीला.

आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई धुरपदाबाई, दारात बसून हे सगळं पाहत होत्या. कॉम्प्युटरलाही विचारून घे, म्हणाल्या, त्याला रडणं सोसतं का ते.

लग्नाआधी मी धुळ्याला बी.एस्सी. केलं होतं, वर कॉम्प्युटरचा वर्षाचा डिप्लोमा. वृषाली होईपर्यंत उधन्याला शेठच्या डिझाइनच्या खोलीत चौकटीच्या कागदावर साडीचे बुट्टे भरायचे. एक चौकट म्हणजे एक धागा. आता हेच काम कॉम्प्युटरवर होणार होतं. डिझाइनचा प्रोग्रॅम पुण्याच्या एका इंजिनिअरने लिहिला होता आणि तो फक्त लिनक्स नावाच्या सिस्टिमवर चालायचा. मी शेठना म्हटलं होतं, मशीन घरी द्या, मी घरून करीन. ते बरं म्हणाले, पण शनिवारी येऊन बघणार होते. पडद्यावर बुट्टा दिसला तर मशीन इथे राहील. नाही दिसला तर मशीन शेठच्या कडोदऱ्याच्या कारखान्यात जाईल आणि काम हवं असेल तर मीही रोज दहा ते सहा तिकडे. वृषाली अजून माझ्याशिवाय कुणाच्या हातून वाटीभर पाणी घेत नव्हती.

लिनक्स सरळ चढलं. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं आली, मी नाव टाकलं, त्याने मान्य केलं. चित्र मात्र येईना. चित्र दाखवणारं कार्ड वेगळं असतं आणि त्याच्याशी बोलायला लिनक्सला ड्रायव्हर लागतो, म्हणजे मधला दुभाषीच. तुमचं कार्ड कुठलं ते सांगा, म्हणून त्याने भलीमोठी यादी पुढे केली. कार्डाच्या खोक्यावर सोनेरी अक्षरांत ‘सुपर व्हिजन गोल्ड’ असं होतं. यादीत चारशे नावं, त्यात हे नाही. मी त्यातल्या त्यात जवळचं वाटणारं एक निवडलं.

पडदा काळा झाला आणि मॉनिटरमधून बारीक शिट्टी येऊ लागली. मी धावत जाऊन प्लगच उपटला. तोवर वृषाली जागी झाली होती.

“पोर उठनी,” आत्या झोळी हलवत म्हणाल्या, “पन चित्र काही उनं नही.”

संध्याकाळी हे कारखान्यातून आले. ह्यांचं नाव ललित. लूम बिघडला तर दुरुस्त करतात, आणि घरात काही बिघडलं तर मजा बघतात. मी त्यांना इंजिनिअरने प्रोग्रॅमबरोबर पाठवलेल्या कागदांतलं एक वाक्य दाखवलं: पडद्याच्या वेगाचे आकडे चुकीचे भरले तर मॉनिटर जळू शकतो. म्हणून मी मॉनिटरच्या पुस्तिकेतले आकडे घेतले होते, त्याहून थोडे कमी केले होते, आणि मग मनाला बरं वाटावं म्हणून अजून थोडे कमी. ह्यांनी कागद वाचला, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं की मॉनिटरला पण कोमटच करून पाजतेस का.

मंगळवारी सहा नावं करून पाहिली. दोनदा शिट्टी, तीनदा नुसताच अंधार, एकदा पडदाभर तिरक्या रेघा. बुधवारी एसटीडी बूथवरून पुण्याला फोन लावला. इंजिनिअरने कार्डाचं नाव दोनदा विचारलं, आपण असलं कार्ड ऐकलंच नाही म्हणाला, आणि दुसरं घ्या असा सल्ला दिला. शेठला दुसरं घ्या म्हणणं म्हणजे मशीन परत घ्या म्हणणं. घरी येऊन मी वृषालीला चमच्याने भात भरवायला घेतला. आपण दिवसभर नसू तेव्हा आत्या भरवतील, तशी सवय व्हावी म्हणून चमचा त्यांच्या हाती दिला. वृषालीने तोंड मिटलं ते मिटलंच.

“माले नको बघू,” आत्या तिला म्हणाल्या. “तुनी मायनं चित्र लागू दे.”

आत्यांनी बावीस वर्षं उधन्याला शेठकडेच साड्यांच्या घड्या घातल्या. अजूनही कुणी शेजारीण नवी साडी दाखवायला आली की त्या लेबल वाचत नाहीत. काठाची उलटी बाजू काढतात, किनारीवरून अंगठा फिरवतात आणि साडी कुठल्या कारखान्याची ते सांगतात. एकाच लूमवरच्या साड्यांना तीन नावांची स्टिकरं लावून तीन बाजारांत पाठवताना त्यांनी पाहिलंय. निम्मी त्यांनीच लावलीत.

गुरुवारी दुपारी मी पुन्हा ते सोनेरी खोकं उलटसुलट करून वाचत बसले होते. चौथ्यांदा. आत्यांना राहवलं नाही.

“वरना शिक्का का दखस, वर्षा? किनार दख.”

मी म्हटलं, आत्या, कार्डाला किनार नसते. त्या म्हणाल्या, मग उघडून तरी बघ, तुझं कार्ड काही नवरी नाही.

उघडायचं म्हणजे मला धडकीच. मी प्लग काढला, मेन स्विच बंद केला, रबरी चपला घातल्या, लाकडी पाटावर उभी राहिले आणि वृषालीला शेजारच्या वत्सलाताईंकडे देऊन आले. तिथून दोनदा डोकावले. मग स्क्रू काढले. कार्डावर मधोमध एक चौकोनी काळी चिप होती आणि तिच्यावर तेच सोनेरी स्टिकर, ‘सुपर व्हिजन गोल्ड’. मी ते काढायचं कसं याचा विचार करत होते, तोवर आत्यांनी नखाने कोपरा उचलला आणि एका ओढीत अख्खं काढलं. खाली फाटलं नाही, डिंक राहिला नाही. बावीस वर्षांचं नख.

स्टिकरखाली चिपवर बारीक करड्या अक्षरांत दुसऱ्याच कंपनीचं नाव होतं, आणि आकडा ५६००. मी कागदांकडे धावले. त्यांतल्या यादीत ती कंपनी होती. आकडा मात्र होता ५५००. कंपनी तीच, पण आमचं कार्ड एका वर्षाने धाकटं, आणि ड्रायव्हर फक्त थोरल्याला ओळखत होता.

ह्यांना संध्याकाळी सांगितलं तर म्हणाले, एवढंच ना? आमचा भटू दोन वर्षं माझ्या रेल्वेच्या पासवर बारडोलीहून आला. भटू म्हणजे माझा धाकटा दीर. चेहरा सारखा, फक्त त्याला मिशी नव्हती. टीसीने फोटो पाहिला की तो नाकाखाली बोट धरायचा.

हे बोलले चेष्टेत, पण मला कागदांतलं एक पान आठवलं. चिप कुठली ते ड्रायव्हरने स्वतः ओळखायचं असतं. पण सेटिंगच्या फाइलमध्ये एक ओळ घालून आपण त्याला बजावू शकतो की ओळखत बसू नकोस, मी सांगते तेच समज. शुक्रवारी सकाळी वृषाली झोपल्यावर मी ती ओळ घातली: चिप ५५००. मॉनिटरचे आकडे माझे तेच ठेवले, कोमट. हुकूम दिला, आणि एक हात प्लगवर ठेवून उभी राहिले.

शिट्टी नाही. पडद्यावर करडी जाळी आली आणि मधोमध माउसची छोटी फुली. मी माउस हलवला तर फुलीमागे चिंध्या पसरत गेल्या, खिडकी उघडली तर तीही चिंध्यांची. आत्या मागून म्हणाल्या, आलं तर खरं, पण नेसवलं नाही नीट.

कारखान्याला शुक्रवारी वीज नसते म्हणून हे घरीच होते. ह्यांनी पडद्याकडे पाहून विचारलं, हे गडबड केव्हा करतं? मी सांगितलं, भराभर काही काढायला गेलं की.

“मग पळू नको म्हण त्याला,” हे म्हणाले. “पास दुसऱ्याचा असेल तर टीसीसमोर पळायचं नसतं. भटू एकदाच पळाला, तेव्हाच सापडला.”

धाकट्याची धावायची पद्धत थोरल्यापेक्षा वेगळी, हे खरंच असणार. कार्डाचा वेग वाढवणारी सोय बंद करायची ओळ त्याच पानावर खाली होती. ती घातली. पुन्हा हुकूम. जाळी आली, फुली आली, चिंध्या गेल्या. डिझाइनचा प्रोग्रॅम उघडला आणि आंब्याच्या कोयरीचा बुट्टा पडद्यावर एकेक ओळ करत खालून वर उमटू लागला, लूमवर उतरतो तसा. पूर्ण व्हायला चहा उकळेल एवढा वेळ लागला. वृषाली झोपलेलीच होती. मी जाऊन तिचा श्वास पाहिला आणि परत येऊन बुट्टा पाहिला.

शनिवारी शेठ आले. कोयरी एकेक ओळ उतरताना त्यांनी घड्याळ पाहिलं.

“बेन, आ तो बहु धीमुं छे.”

मी खरं तेच सांगितलं: कार्ड दुसऱ्याच्या नावावर चालतंय, पळवलं तर सापडेल. मग त्यांनी काठाचा रंग बदलायला सांगितला, बदलला. एक धागा कमी करायला सांगितला, केला. आत्यांनी त्यांना चहा दिला आणि बावीस वर्षांत त्यांच्याकडे कुठली साडी घाईने चांगली उतरली ते विचारलं. शेठ हसले. मशीन राहू दे म्हणाले, आणि मग निघता निघता चप्पल घालताना म्हणाले की कडोदऱ्याला असलीच आणखी तीन मशीनं बंद पडलीत, सोमवारपासून आठवडाभर वर्षाबेनने तिकडे यावं.

मी झोळीकडे पाहिलं. मग मला वाटतं, मी आयुष्यात पहिल्यांदा शेठना उलट बोलले.

“शेठ, मी येणार नाही. मशीनं इकडे पाठवा.”

त्यांनी ह्यांच्याकडे पाहिलं. हे छताकडे पाहत होते. तिथे काहीच नव्हतं.

सोमवारी टेम्पो पुन्हा गल्लीत शिरला. आता पुढच्या खोलीत चार कॉम्प्युटर आहेत, झोळी स्वयंपाकघराच्या दारात गेली आहे आणि हे जेवायला पलंगावर बसतात. तिन्ही कार्डांवर तेच सोनेरी स्टिकर होतं. आत्यांनी ओळीने तिन्ही सोलली. खाली तीन वेगळ्याच कंपन्यांची नावं.

“हां,” त्या समाधानाने म्हणाल्या, “तीन साड्या, तीन गिरण्या.” म्हणजे मला तीन वेळा नव्याने सुरुवात.

सोललेली स्टिकरं त्यांनी आरशाच्या कडेला माझ्या टिकल्यांशेजारी चिकटवून ठेवली आहेत. काल दुपारी मोजली तर चारातलं एक नव्हतं. मी काम सोडून वृषालीचं तोंड उघडून पाहिलं, मुठी उघडल्या, झोळी झटकली, पुन्हा तोंड पाहिलं. आत्या शांतपणे डाळ निवडत होत्या. स्टिकर त्यांच्या कोपराला चिकटलेलं होतं, आणि मला वाटतं त्यांना ते पहिल्यापासून ठाऊक होतं.