इस्त्रीच्या खोलीतली सर्फिंगची फळी

मी एक जुनी सर्फिंगची फळी आहे, मित्रांनो. समुद्राच्या लाटेवर उभे राहायला माणसे जी वापरतात, ती. फोमच्या एका पांढऱ्या ठोकळ्यातून एका म्हाताऱ्या कारागिराने मला तासून काढले. वर काचतंतूचे कापड चढवले, राळ ओतली आणि पाठीवरून हात फिरवून तो म्हणाला, "झाली बुवा एकदाची!" माझे कौतुक झाले ते तेवढेच, पण मला ते पुरले.

मला विकत घेणारी बाई एका रुग्णालयात एक्स-रे काढायची. घरात सगळे तिला ताई म्हणत, म्हणून मीही ताईच म्हणते. सुट्टी महिन्यातून दोनदा, आणि समुद्र सहा तासांवर. शेवटी तिने परदेशातली एक जाहिरात शोधली. समुद्राकाठचे हॉटेल, कपडे धुण्याच्या विभागात काम, दुपारी मोकळा वेळ. तिच्या भावाने कपाळाला हात लावला. "एक्स-रे सोडून चादरी धुणार?"

"दादा, दुपार मोकळी आहे," ती म्हणाली.

ती मला घेऊन तिथे गेली, पण दुपार मोकळी नव्हती. आठवड्याचे सहा दिवस, सकाळपासून संध्याकाळपर्यंत चादरी, उशांचे अभ्रे, टॉवेल. इस्त्रीच्या खोलीच्या खिडकीतून समुद्र दिसायचा, पण वाफेने काच कायम धुरकट. मी दाराआड, इस्त्रीच्या दोन लांब फळ्यांच्या रांगेत उभी. नव्याने लागलेल्या एका बाईने गडबडीत मलाच आडवे केले आणि माझ्या पोटावर गरम इस्त्री टेकवली. चर्र झाले. ती बिचारी रडकुंडीला आली.

ताईने डाग पाहिला. "असू दे," म्हणाली आणि पुढची चादर ओढली.

मित्रांनो, मला चटक्यापेक्षा ते "असू दे" जास्त लागले.

दादाचा दर रविवारी फोन येई. "समुद्र कसा आहे?"

"आहे."

"म्हणजे?"

"जागेवर आहे."

दीड वर्ष असे गेले. मग कराराची मुदत संपली आणि ती तिथेच नवे काम शोधायला लागली. जिथे जाई तिथे तिचा पहिला प्रश्न एकच, वेळ काय? एका दुकानदाराने तर हसून विचारले, "मग पगार राहू द्यायचा का?" अखेर एका शाळेला बसचालक हवा असल्याचे कळले. परवान्याच्या परीक्षेत ती एकदा नापास झाली, दुसऱ्यांदा पास. सकाळी मुलांना सोडायचे, दुपारी आणायचे. मधले पाच तास तिचे.

पहिल्याच दिवशी तिने मला किनाऱ्यावर नेले. लाटा छान होत्या. ती वाळूत बसली. घड्याळ पाहिले, पाणी पाहिले, पुन्हा घड्याळ पाहिले. वेळ संपल्यावर मला उचलून परत आणले. दुसऱ्या दिवशीही तेच, आणि तिसऱ्याही.

"वेळ मिळाला," तिने दादाला सांगितले. "पण काही वाटतच नाही रे. हात बधिर होतो ना, तसं झालंय आतून."

दादा म्हणाला, "मग लाटेवर जाऊ नकोस. नुसती पाण्यात बसून ये. बसायला काय जातंय?"

मग ती रोज मला लाटांच्या पलीकडे न्यायची आणि माझ्यावर बसून राहायची. पाय पाण्यात, चेहरा कोरा. सुमारे महिनाभर. इस्त्रीच्या डागाशी मला तडा गेला होता. तिथून पाणी आत मुरत होते. मी जड होत चालले होते, पण सांगणार कशी?

एका मंगळवारी मागून लाट आली. ताई सवयीने पालथी झाली, तिने हात मारले, आणि एकदम उभी राहिली. ओरडली नाही, हसली नाही. लाट संपेपर्यंत उभी होती. मग किनाऱ्यावर आली, केस पिळले आणि मुलांना आणायला गेली.

संध्याकाळी तिनेच फोन केला. "उभी राहिले."

"कसं वाटलं?"

"पायांना गार लागलं." मग म्हणाली, "उद्या जाणार आहे."

पुढे मी फारच जड झाले, तेव्हा फळ्या दुरुस्त करणाऱ्याने मला ठोकून पाहिले आणि मान हलवली. "आतून पूर्ण भिजली आहे. हिचं काही होणार नाही." ताईने नवी फळी घेतली. मला बसच्या आगारात दोन ड्रमांवर ठेवले आहे. चालक माझ्यावर बसून चहा पितात. ओल्या केसांची ताईही येऊन बसते. "लाट होती का आज?" कोणी विचारते. "होती," ती म्हणते. कधी कधी त्याहून जास्तही बोलते.

मित्रांनो, माझ्यासाठी काही करू नका, माझे ठीक चालले आहे. पण तुमच्या घरात कोणी आवडीच्या गोष्टीसमोर नुसते बसून राहत असेल, तर "आता वेळ आहे ना, मग आनंदी हो की" असे त्याला म्हणू नका. त्याला बसू द्या. आणि रविवारी फोन करत राहा.