कबूल केली होती ती

डोंगर धुमसतोय म्हणून पाच दिवस बंद असलेलं उद्यान त्या सकाळी उघडलं, आणि सासूबाईंनी उजाडायच्या आत टोपली भरली. कोबी, बटाटे, मक्याची कणसं, पाय बांधलेला काळा कोंबडा. वेनिंगला सातवं वर्ष लागलं होतं. "आता आणखी लांबवायचं नाही," एवढंच त्या म्हणाल्या.

नवस त्यांचा, लेक माझी. माझी तीन बाळं पोटातच विझली, तेव्हा त्या एकट्याच ब्रोमो ज्वालामुखीच्या तोंडाशी जाऊन काहीतरी कबूल करून आल्या होत्या. काय, ते सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. आम्हा टेंगर लोकांच्या पहिल्या आईबापांनी याच डोंगराकडे लेकरं मागितली होती. पंचवीस मिळाली, आणि शेवटचं त्याने परत मागून घेतलं. हे ठाऊक असलेल्या आईने काय विचारायचं?

माझ्या नवऱ्याने, सुतेजोने, जीप डोंगराखालच्या वाळूत घातली. चाकांमागे राख उठत होती, आणि समोर धुराचा खांब सरळ, न हलता उभा.

"बाबा, डोंगर आजारी आहे का?"

"नाही गं, सकाळची बिडी ओढतोय," सुतेजो म्हणाला. हसली फक्त वेनिंग.

वर चढणाऱ्या पायऱ्यांखाली घोडेवाले मिस्तोकाका आपला एकच घोडा धरून उभे होते.

"आज एकटेच, काका?"

"बाकीचे घोडे शहाणे निघाले, वहिनी. हा तेवढा मालकावर गेलाय." मग आवाज खाली आणून म्हणाले, "वर जाळीवालेही नाहीत."

जाळीवाले नाहीत, असं मी कधी ऐकलं नव्हतं. आतल्या उतारावर जाळी घेऊन ते उभे असतात, लोकांनी टाकलेलं वरच्यावर झेलतात. डोंगराचा कोबी आधी त्यांच्या चुलीवर शिजतो.

"बरंच झालं," सासूबाई म्हणाल्या. "आज सगळं त्यालाच पोचेल."

पायऱ्या चढताना गंधकाने घसा खरवडत होता. दगडाला हात टेकला की दगड कण्हत असल्यासारखा थरथरायचा. विवराच्या कडेवर आम्ही चौघंच. कोबी गेला, कणसं गेली, कोंबडा गेला. धुराने सगळं घेतलं, पडल्याचा आवाज काही आला नाही.

"आता पुढे हो, बाळ," सासूबाई म्हणाल्या. "कठडा सोड. म्हण, कबूल केली होती ती मी. आले."

"माक!" सुतेजो ओरडला. आईवर त्याचा आवाज चढलेला मी पहिल्यांदा ऐकला. "हे कबूल केलंस?"

"मागताना घासाघीस करतात होय रे? मूल हवं होतं ना तुम्हाला? तेव्हा तर दोघं माझ्या पायाशी बसून रडत होतात."

"आणि नाही म्हणाली तर?"

"तर तो खाली येईल. घर त्याने पाहिलंय."

वेनिंगने कठडा सोडला. शाळेत कविता म्हणताना घेते तसा श्वास घेतला. मी तिच्या तोंडावर हात दाबला, तिला पाठीमागे ओढलं, आणि धुरात वाकून मोठ्याने म्हणाले,

"कबूल केली होती ती मी. आले."

आत कुठेतरी दगड घरंगळत गेले. बराच वेळ घरंगळत होते.

सासूबाईंनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. रागावल्या नाहीत. पदराने माझ्या कपाळावरची राख पुसली, आणि पायऱ्या उतरू लागल्या.

जीपमध्ये त्यांनी आपली पुढची जागा मला दिली. वेनिंग माझ्या मांडीवर झोपून गेली. वाळू संपली तसं त्यांनी मक्याच्या भाताचं पुडकं सोडलं. बारा वर्षांत मी या घरात सगळ्यांच्या मागून जेवले होते. त्यांनी पहिला घास माझ्यापुढे धरला, त्यावर खाऱ्या माशाचा मोठा तुकडा.

"खा, रुकिनी."

आजवर त्यांनी मला नावाने हाक मारली नव्हती. सुतेजो रस्त्यावरून नजर काढत नव्हता. त्याचे ओठ पांढरे पडले होते.

मी खाल्लं. माझं पोट भरेपर्यंत पुडक्याला दुसऱ्या कुणी हात लावला नाही.