तणमोराच्या पायातली चिठ्ठी

मी एक जुना तणमोर आहे, मित्रांनो. कातडं आणि पिसं माझी; आतला कापूस अकोल्याचा. डोळ्यांच्या जागीही कापूसच. त्यामुळे सांगताना मला काही वाटतं, असं समजू नका.

पक्षी: तणमोर, नर.
मारला: पावसाळ्यात, गवतातून उडी घेताना. शंभरावर वर्षं झाली.
मारणारा: पक्ष्यांचा अभ्यास करणारा एक साहेब.

साहेबाच्या हाताखालच्या श्रावणने मला सोललं, कातड्याला कीड लागू नये म्हणून आतून सोमल हे विष चोळलं, कापूस भरून शिवलं. साहेबाने पायात चिठ्ठी बांधली. कुठे मारला, कधी मारला. चिठ्ठी नसेल तर पक्षी म्हणजे नुसती पिसं, असं तो म्हणायचा.

ठिकाण:

हे रिकामं का, ते सांगतो.

पुढे मी अमरावतीच्या एका कॉलेजात आलो. मुलं रांगेने येऊन माझा तुरा बघायची. मग कपाटाला कुलूप लागलं. गेल्या वर्षी तपासणीची कमिटी येणार म्हणून प्रयोगशाळेतल्या नत्थुजींनी कपाट लख्ख केलं. पक्ष्यांच्या पायातल्या मळक्या चिठ्ठ्या कापून जाळल्या, नुसत्या नावांच्या छापील पाट्या लावल्या. कमिटीने त्यांची पाठ थोपटली.

परवा धर्मपाल आला. अकोल्याकडचा, पक्ष्यांमागे फिरणारा. त्याच्या गावचा गवताळ माळ सोलर प्रकल्पासाठी जाणार आहे. तिथे तणमोर नाचायचे, कॉलेजातला तणमोरही तिथलाच, असं त्याचे आजोबा सांगायचे. त्याला पुरावा हवा होता.

"काका, याच्या पायातली चिठ्ठी?"

"कापली. लय मयकट होती."

"काहून कापली पण?"

"पाहुणे येनार म्हटलं तं घर झाडाच लागते ना बाप्पा!"

धर्मपाल खाली बसला. दुसऱ्या दिवशी माळाबद्दलची सुनावणी होती. नत्थुजी कोऱ्या पुठ्ठ्याचा तुकडा कापून घेऊन आले.

"लिहून टाक तुया गावाचं नाव. पाखरू का सांगाले येते?"

धर्मपालने पेन उघडलं. बंद केलं. पुन्हा उघडलं. माझ्या पायात जुन्या दोऱ्याची गाठ अजून होती. तिथेच त्याने नवी चिठ्ठी बांधली.

ठिकाण: माहीत नाही. मूळ चिठ्ठी कापली गेली.

सुनावणीला तो रिकाम्या हातांनी गेला.

मित्रांनो, जुन्या वस्तूंवरची धूळ जरूर पुसा. कात्री लावण्याआधी मात्र तिथे काय लिहिलंय ते एकदा वाचा.

माझा माळ कोणता, ते मला माहीत आहे.